मडगार्डवर हात फिरवणाऱ्या इसमाचा शोध घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
पोलीस ठाणे, पुलापलीकडील विभाग

अर्जदार : कृत्रिम दात व कवळ्या तयार करणारा, राहणार विजेच्या पेटीसमोरील कोपऱ्याचे घर

विषय : बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून, ती ज्याच्याविरुद्ध केली होती त्याच इसमाचा शोध घेण्याबाबत.

संदर्भ : (अ) माझा पूर्वीचा तक्रार अर्ज. (आ) आपल्या कार्यालयाचे त्यावरील पत्र.

महोदय,

आपले संदर्भातील पत्र मिळाले. "सदर इसम आता आपल्या घरासमोर उभा राहत नसल्याने आपल्या तक्रारीचे निवारण झाले असून प्रकरण बंद करण्यात येत आहे," असे त्यात कळवले आहे. पत्रातील मजकूर खरा आहे. तो इसम उभा राहत नाही. माझी अडचण आता तीच असून ती पुढे मांडत आहे.

१. मी दंतवैद्यांसाठी कवळ्या तयार करतो. काम घराच्या मागच्या खोलीत चालते. मला कसलेही व्यसन नाही, फक्त एक जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी आहे. दोन दारांची, बसकी, गडद निळी. ती मी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली. माझ्याआधी ती कुणाकडे होती हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. तिला रुंद टायर लावायचे माझ्या फार दिवस मनात होते. रुंद टायर मडगार्डच्या पत्र्याला घासतात, म्हणून चाकांवरचा पत्रा बाहेर फुगवून घ्यावा लागतो. त्या फुगवट्याला फ्लेअर म्हणतात. ते बाजारात तयार मिळतात आणि बोल्टने वरून बसवता येतात, पण मग ते वरून बसवलेले दिसतात. समोरच्याची कवळी बोलताना ओळखू आली की मला कसेतरी होते, तसेच ते. म्हणून मी अंगात मिळवलेले फ्लेअर करायचे ठरवले. यात चाकाभोवतीचा जुना पत्रा कापून काढतात, फुगवलेला नवा पत्रा त्या जागी वेल्डिंगने जोडतात, सांध्यावर पुट्टी भरतात आणि ती घासत राहतात. जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले हे डोळ्याला सोडाच, बोटालाही कळता कामा नये.

हे काम माझ्या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने केले. तो डेंटर, म्हणजे गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा, आहे आणि सगळे त्याला ठोक्या म्हणतात. कापणे, ठोकणे, जोडणे त्याचे, घासणे माझे. वाहन तपासणी कार्यालयाची रीतसर परवानगी घेतलेली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण पहिल्या तक्रारीनंतर आपले हवालदार आले तेव्हा त्यांनी इसमाची चौकशी करण्याआधी गाडीची रुंदी मोजली होती.

२. रंग वाळून गाडी घरी आली त्याच आठवड्यात तो इसम प्रथम दिसला. वय झालेले, उंच, पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणे लावलेली. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तो यायचा, रस्त्यापलीकडच्या विजेच्या पेटीजवळ उभा राहायचा आणि आमच्या अंगणातल्या गाडीकडे बघायचा. फोन नाही, पिशवी नाही, सोबत कुणी नाही. अंधार पडला की जायचा. पहिले काही दिवस मला बरे वाटले. आपले काम बघायला माणूस थांबतो आहे, असे मी समजलो. एकदा मी हात करून आत बोलावले, तर तो माझ्याकडे न बघता गाडीकडेच बघत राहिला.

त्रास सुरू झाला तो असा. नवे मडगार्ड गोलसर असून मी ते आरशासारखे चमकवलेले आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, गाडी दिसते. संध्याकाळी मागच्या चाकावरच्या फुगवट्यात त्या इसमाचे प्रतिबिंब पडायचे. गोलाईमुळे ते ताणले जायचे. कमरेत बारीक, डोके लांबट, आणि शर्टाचा पांढरा पट्टा वरपासून खालपर्यंत. माझी पत्नी बालवाडीत शिकवते, घाबरट नाही. पण तिने त्या वेळी भांडी घासायचे बंद केले. "बाहेर उभे आहेत ते ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण मला ते गाडीत उभे असलेले दिसतात."

३. एका संध्याकाळी फाटक उघडे राहिले आणि तो आत आला. मी स्वयंपाकघरात होतो, पत्नी अंगणात कपडे काढत होती. तो सरळ गाडीच्या डाव्या बाजूला गेला, वाकला आणि मागच्या चाकावरच्या कमानीवरून तळवा फिरवू लागला. पुन्हा पुन्हा तीच जागा. पत्नीने विचारले, "काका, काय बघताय?" तो म्हणाला, "इथे होतं."

"काय होतं?"

"इथेच होतं," तो म्हणाला, आणि हात पुसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी संदर्भ (अ) चा अर्ज आपल्याकडे दिला. हवालदारांनी त्या इसमाला हटकले. तो त्यांना नमस्कार करून निघून गेला आणि संध्याकाळी परत आला. हवालदार मला म्हणाले, "साहेब, माणूस रस्त्यावर उभा आहे. बघतोय. बघण्याला कलम नाही." त्यांचे बरोबर होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगावी लागते. नवीन कवळी बसली की माणूस कितीतरी दिवस जिभेने जुनी फट शोधतो. फट बुजलेली असते, दात छान दिसत असतात, घरचे कौतुक करत असतात, पण जीभ तिथेच जाते. तो तळवा तसा फिरत होता. मी ते खिडकीतून पाहिले आणि त्यानंतर मला ती कमान पूर्वीसारखी सुबक वाटेना.

४. पत्नीने माझ्या आधी हार मानली. तिने एक खुर्ची अंगणात नेऊन ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि फाटक उघडले. मी विरोध केला. ती म्हणाली, "अहो, ते येणारच आहेत. मग निदान बसू देत." तो बसला नाही, पण पाणी प्यायला, आणि हळूहळू तिच्याशी बोलू लागला. त्याने सांगितलेले पत्नीने मला जसेच्या तसे सांगितले.

त्याची बायको गुडघ्यांनी अधू होती. गाडी बसकी असल्यामुळे तिला उतरताना कष्ट व्हायचे. ती दार उघडून आधी काठी बाहेर काढायची, काठीची पितळी मूठ मागच्या चाकावरच्या पत्र्याला टेकवायची आणि तिच्यावर भार देऊन उठायची. त्या जागी पत्र्याला बारीक खळ्या पडल्या होत्या. "मी तिला दरवेळी रागवायचो," तो म्हणाला. "गाडी खराब करतेस म्हणायचो. ती म्हणायची, गाडीला खळ्या पडतात म्हणून तर मला उठता येतंय. ती गेल्यावर मी बोटं घालून बघायचो. प्रत्येक खळीत बोट बरोबर बसायचं."

हे ऐकल्यावर मी ठोक्याला बोलावले. त्या जागचा जुना पत्रा आपण कापला तेव्हा तिथे काही होते का, असे विचारले. "दाजी, जुन्या गाडीला कुठे ना कुठे ठोकलेलं असतंच. असेलही. नसेलही. मी कापताना बघत बसत नाही." तो पत्रा इतर भंगाराबरोबर कधीच गेला होता.

मी असे धरून चाललो की गाडी पूर्वी त्याचीच होती आणि त्याच्या बायकोच्या हाताची राहिलेली एकमेव खूण आम्ही ग्राइंडरने कापून टाकली. वर ती जागा इतकी गुळगुळीत केली, की तिथे कधी काही होते याचाही पत्ता लागू नये. आम्ही नेमके त्याच गोष्टीचे कौतुक करून घेत होतो.

५. पुढील कृत्य मी केले असून त्यात पत्नीचा किंवा ठोक्याचा सहभाग नाही.

एका दुपारी पत्नी शाळेत असताना मी कामाच्या खोलीतून लहान हातोडी, चामड्याचा तुकडा आणि मेण गुळगुळीत करायची गोल टोकाची सळई आणली. काठी घेऊन गाडीत बसलो, दार उघडले आणि गुडघे दुखणाऱ्या बाईसारखे उतरून पाहिले, काठी कुठे टेकते ते बघण्यासाठी. पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. शेजारच्या गच्चीवरून कुणी पाहिले असल्यास त्यांचा जबाब घेता येईल. मग त्या जागी, मी स्वतः महिनोन्‌महिने घासून आणलेल्या पत्र्यावर, बारीक खळ्या पाडल्या. ठोक्याला हे समजले तेव्हा तो गाडीभोवती एक चक्कर मारून घरी गेला आणि बरेच दिवस आला नाही.

माझा हेतू प्रामाणिक होता असे लिहायला मला आवडले असते. खरे असे आहे, की त्याचे समाधान व्हावे असे मला वाटत होते आणि त्याने यायचे थांबवावे असेही वाटत होते. यातले कुठले जास्त, ते मला सांगता येत नाही.

६. त्या संध्याकाळी तो आला. पत्नी फाटकाजवळ होती, मी गाडीच्या पुढच्या बाजूला पुसायचे फडके घेऊन उभा होतो. तो वाकला. तळवा नेहमीसारखा फिरला आणि थांबला. मग त्याने एकेक बोट त्या खळ्यांमध्ये ठेवले. आधी तर्जनी, मग बाकीची. मी अंदाजाने पाडलेल्या खळ्यांमध्ये त्याची बोटे बरोबर बसली. तो तसाच ओणवा राहिला. त्याची पाठ हलत होती. पत्नी पुढे गेली, पण तिने त्याला हात लावला नाही.

उठल्यावर त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "बुजवू नका," तो म्हणाला.

मी म्हणालो, "नाही बुजवत."

"तिला सांगतो," तो म्हणाला. त्याने पत्नीला नमस्कार केला आणि फाटक स्वतः लावून घेतले. एरवी तो कधी लावत नसे. नेहमी तो पुलाच्या दिशेने जायचा, त्या दिवशी उलट दिशेने गेला. हे पत्नीने पाहिले आहे आणि तपासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

त्यानंतर तो आलेला नाही.

७. पहिले दोन-चार दिवस मला मोकळे वाटले, हे नाकारत नाही. पत्नीने खुर्ची आत आणली नाही. ती म्हणाली, "राहू दे, ऊन खाऊ दे." पुढे पाऊस आला तेव्हा तिने खुर्चीवर प्लास्टिक घातले. याच सुमारास आपले संदर्भातील पत्र आले.

आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. संध्याकाळी मागच्या फुगवट्यात पांढरा पट्टा अजून दिसतो. पत्नीचे म्हणणे की ते विजेच्या पेटीचे प्रतिबिंब असावे. पेटी राखाडी आहे. मी पेटीवर काळे कापड टाकून पाहिले, पट्टा दिसतोच. मी गाडी उलटी लावून पाहिली, तेव्हा तो पुढच्या फुगवट्यात दिसला; मग गाडी पूर्वीसारखी लावली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही आणि आपणही यावर कारवाई करावी असे माझे म्हणणे नाही. फक्त, पत्नीने पुन्हा त्या वेळी भांडी घासायला सुरुवात केली आहे. ती खिडकीतून बघते. मी विचारले, भीती वाटत नाही का. ती म्हणाली, "दिसत नाही तेव्हा जास्त वाटते."

८. गेल्या आठवड्यात एक बाई आमच्या फाटकाशी आल्या. औषधांच्या दुकानात काम करतात; त्या इसमाच्या पुतणी आहेत. तो त्यांच्याकडे माडीवरच्या खोलीत राहत होता. रोज संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायचा. एके दिवशी परतला नाही. त्या गल्ल्या पालथ्या घालत आल्या होत्या आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याने त्यांना आमचे घर दाखवले. दिवस जुळवून पाहिला, तर तो मी खळ्या पाडल्याचाच दिवस निघाला.

आम्ही त्यांना गाडीजवळ नेले. मी सगळे सांगितले. हातोडीचेही सांगितले. त्यांनी गाडीकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, "पण ही काकांची गाडी नाही."

मी म्हणालो, पूर्वीची असेल. त्या म्हणाल्या, "काकांची अशीच होती. हीच जात, हाच रंग. पण ती काकू गेल्यावर भंगारात गेली. मशीनने दाबून चौकोनी ठोकळा केला तिचा. काकांनी स्वतः उभं राहून बघितलं. मीच होते सोबत." त्यांनी फोनमधला जुना फोटो दाखवला. त्यात तो इसम काळ्या केसांचा आहे, शेजारी काठी टेकून एक हसरी बाई आहे, मागे निळी गाडी. गाडीचा क्रमांक वेगळा आहे. मी दोनदा ताडून पाहिला.

म्हणजे ज्या पत्र्यावर तो हात फिरवत होता, तिथे कधी काहीच नव्हते. आम्ही काहीही कापून टाकलेले नव्हते. जे नव्हते ते मी केले, आणि त्याला ते सापडले.

पुतणी म्हणाल्या, "काका काही विसरलेले नव्हते हो. त्यांचं डोकं चांगलं होतं. वाणसामानाचा हिशोब तेच बघायचे." जाताना त्यांनीही खळ्यांवरून बोटे फिरवली आणि हात पटकन मागे घेतला.

९. पुतणींना घेऊन मी आपल्या ठाण्यात आलो. तिथे जे घडले ते आपल्या कानावर नसावे. अंमलदारांनी नोंदवही पाहून सांगितले, की या वर्णनाच्या इसमाचे प्रकरण निकाली निघाले आहे. मी म्हणालो, तोच आता सापडत नाही. ते म्हणाले, "तो अज्ञात इसम होता. या बाईंचे काका तर ज्ञात आहेत. दोन्ही एकच कसे असतील?" पुतणींनी फोटो दाखवला. त्यावर ते म्हणाले, की सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठेही जाऊ शकतो, आणि हा इसम लोकांच्या घरासमोर उभा राहणारा होता असे ठाण्याच्या कागदांवरूनच दिसते, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या घरासमोर उभा असेल. हे कागद म्हणजे माझाच अर्ज. पुतणींनी तो तिथे उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी घडी घालून परत दिला. मला काहीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

अंमलदार वाईट माणूस नाहीत. त्यांनी पुतणींना बसायला बाक दिले. शेवटी त्यांनी एक मार्ग सांगितला, की मूळ तक्रारदाराने तक्रार पुन्हा उघडण्याची विनंती केली तर इसमाचा शोध घेता येईल. पण त्यासाठी त्याचा मला अजून त्रास होत असला पाहिजे.

१०. तरी मी या अर्जाद्वारे निवेदन करतो, की सदर इसमाचा मला अजून त्रास होत आहे. तो पूर्वीपेक्षा जास्त आहे. पूर्वी संध्याकाळचा होता, आता दिवसभर आहे. कवळी घासता घासता माझा हात थांबतो. गिऱ्हाइकाचे तोंड बघताना मला फटी दिसतात आणि त्या बुजवाव्यात की नाही, हे ठरत नाही. गाडी मी चालवत नाही. कारण, ती जागेवरून हलली आणि तो आला, तर काय, असे पत्नी म्हणते. खळ्या जशाच्या तशा आहेत. ठोक्या परवा येऊन गेला. पुट्टी घेऊन आला होता. खळ्या बघितल्या, डबा न उघडता परत घेऊन गेला.

यास्तव विनंती, की प्रकरण पुन्हा उघडावे. अज्ञात इसम आणि पुतणींचे काका एकच आहेत अशी नोंद घ्यावी. आमच्या फाटकापासून पुलाच्या उलट दिशेचा रस्ता, तिकडची रुग्णालये, आश्रम, धर्मशाळा, नदीकाठ, आणि जिथे निळ्या जपानी गाड्या उभ्या असतात ती सर्व अंगणे पाहण्यात यावीत. तो सापडल्यास त्याला हटकू नये, हात धरून आणू नये, गाडीबद्दलची खरी गोष्टही सांगू नये. ती सांगायची असेल तर मी सांगेन. मला वाटते त्याला ती पहिल्यापासून माहीत होती, पण हे माझे मत आहे, पुरावा नाही.

तो न सापडल्यास तसे लेखी कळवावे. पत्नीला कळवण्याची जबाबदारी माझी राहील.

शेवटची विनंती लहान आहे. माझ्या पहिल्या अर्जाच्या तळाशी, तक्रारदाराचे इसमाशी नाते या रकान्यात, मी "काहीही संबंध नाही" असे लिहिले आहे. ते शब्द खोडावेत. त्या जागी काय लिहावे हे मला ठरवता आलेले नाही. पत्नीलाही विचारले. तूर्त रकाना रिकामा ठेवावा.

आपल्या उत्तराची रोज वाट पाहणारा,

(सही)
मूळ तक्रारदार

दिनांक : ठाण्यात अर्ज स्वीकारल्याच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : पुतणींनी दिलेला जुना फोटो, मागच्या डाव्या मडगार्डचा आताचा फोटो, संध्याकाळी काढलेला. त्यातील पांढऱ्या पट्ट्याकडे, शक्य झाल्यास, आपण स्वतः एकदा पाहावे.